वृत्तिनाश हाही एक हेतू : आर्थिक मंदीच्या काळातील रुग्णपरीक्षण

रुग्णपत्रकावर नाव, वय, पत्ता यांच्या खाली ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. आपण तो भरतो आणि पुढे जातो. तेथे ‘नोकरी’ असे लिहिलेले असते. परंतु ती नोकरी आजही आहे काय, वेतन वेळेवर मिळते काय, की गृहस्थ गेले चार महिने घरीच बसून आहेत, हे त्या रकान्यावरून कळत नाही. रुग्णही ते आपण होऊन सांगत नाही. तो सांगतो ते आम्लपित्त, मलावष्टंभ, निद्रानाश, अंगमर्द, छातीतील धडधड. आपण दोषदूष्यांचा विचार करून औषधयोजना करतो, पथ्य सांगतो, आणि पंधरा दिवसांनी तोच रुग्ण त्याच तक्रारी घेऊन परत येतो. किंवा येतच नाही. हेतूचा परिवर्जनपूर्वक विचार झाल्याशिवाय चिकित्सा सफल होत नाही हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत. येथे मुख्य हेतूच आपल्या नोंदीतून निसटलेला असतो.

आर्थिक मंदी हा विषय अर्थशास्त्रज्ञांचा, वैद्यांनी त्यात का पडावे, अशी शंका काही वाचकांस येईल. चरकाचार्यांना ती आली नव्हती. सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात त्यांनी मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या, त्यांत प्राणैषणेनंतर लगेच धनैषणेला स्थान दिले आणि साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे याहून मोठी आपत्ती नाही, असा स्पष्ट अभिप्राय नोंदवला. त्यापुढे कृषी, पशुपालन, वाणिज्य, राजसेवा अशी उपजीविकेची साधनेही सांगितली. आयुर्वेदाच्या आद्य संहितेत वृत्तीचा, म्हणजे उपजीविकेचा, विचार आयुष्याच्या विचाराला लागूनच येतो. आपण मात्र तो अध्याय परीक्षेपुरता वाचतो.

आकडे काय सांगतात

या विषयावरील आधुनिक संशोधन वाचताना प्रथम गोंधळ होतो. १९२९ साली अमेरिकेत महामंदी सुरू झाली, कारखाने बंद पडले, माणसे रांगेत उभी राहून पाव घेऊ लागली. तरीही त्या देशातील सरासरी आयुर्मान १९२९ मधील ५७.१ वर्षांवरून १९३३ मध्ये ६३.३ वर्षांवर गेले. ख्रिस्तोफर रूम या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ ते १९९१ या काळातील अमेरिकी राज्यांची आकडेवारी तपासून २००० साली दाखवले की बेरोजगारीचे प्रमाण एका टक्क्याने वाढले की एकूण मृत्युदर सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी होतो. रस्त्यावरील अपघाती मृत्यू त्याहून अधिक घटतात. आत्महत्या मात्र वाढतात. कारणे तर्काने कळण्यासारखी आहेत. रस्त्यावर वाहने कमी, कारखान्यांत जादा पाळ्या कमी, धूर कमी, व्यसनावर उधळायला पैसा कमी. (याच संशोधकाने पुढील वर्षांची आकडेवारी जोडून पुन्हा पाहिले तेव्हा हा संबंध बराच क्षीण झालेला आढळला, हेही सांगितले पाहिजे.)

तर मंदी प्रकृतीस हितकर समजायची काय? येथेच समष्टी आणि व्यक्ती यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. मृत्युदर संपूर्ण राज्याचा असतो आणि त्यात ज्यांची नोकरी शाबूत आहे असे बहुसंख्य लोक मोडतात. ज्याची नोकरी गेली त्याचे काय होते, हे त्या सरासरीत दिसत नाही. ते पाहण्यासाठी डॅनियल सलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर यांनी पेनसिल्व्हेनियातील अनुभवी पुरुष कामगारांचा मागोवा घेतला. १९७० व १९८० च्या दशकांत ज्यांची दीर्घकाळची नोकरी गेली, त्यांचा मृत्यूचा धोका नोकरी गेल्यानंतरच्या काळात ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेला होता. आणि वीस वर्षे उलटल्यावरही तो १० ते १५ टक्क्यांनी अधिकच होता. चाळिशीत नोकरी गमावलेल्या पुरुषाचे आयुष्य त्यांच्या हिशेबाने एक ते दीड वर्षाने कमी होते. वीस वर्षांनी आपल्यासमोर हृद्रोगाचा रुग्ण म्हणून बसलेल्या माणसाला आपण ‘तुमची नोकरी केव्हा गेली होती?’ असे विचारतो काय?

हानी सर्वत्र सारखी होत नाही, हेही लक्षात ठेवावे. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९० मधील सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ पर्यंत ५८ वर्षांच्याही खाली घसरले. त्यात मद्याचा वाटा फार मोठा होता. त्याच दशकाच्या आरंभी शेजारच्या फिनलंडमध्ये बेरोजगारी सुमारे ३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेली, पण तेथील आत्महत्या १९९० नंतर वाढण्याऐवजी कमी होत गेल्या. फिनलंडने बेकारभत्ता व आरोग्यसेवा चालू ठेवली होती आणि आत्महत्या-प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८६ पासूनच हाती घेतला होता. संकट येणे आपल्या हाती नसते. आधार किती उरतो यावर व्याधीचे बल ठरते.

मारिएन्थालचे गाव

घराच्या आत काय घडते हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी व्हिएन्नाजवळील मारिएन्थाल या छोट्या गिरणीगावाचा अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तो केला व १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. गावातील कापडगिरणी १९२९-३० मध्ये टप्प्याटप्प्याने बंद पडली. ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबांत एकही माणूस कामावर उरला नाही. संशोधक केवळ प्रश्नावली घेऊन गेले नाहीत. त्यांनी गावात कपडे वाटले, डॉक्टरांकडून मोफत तपासणी करवली, स्त्रियांसाठी शिवणकामाचे नमुने काढण्याचा वर्ग घेतला आणि या निमित्ताने घराघरांत प्रवेश मिळवला. वैद्यांनी हे कौशल्य शिकावे असे आहे.

त्यांना वाटले होते की रिकामा वेळ मिळाल्यावर माणसे वाचतील, सभांना जातील. घडले उलटे. ग्रंथालयाचे शुल्क माफ झाले तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, पुनःपुन्हा थांबू लागले. बहुतेकांनी घड्याळ वापरणे सोडले. दिवसभर काय केले हे लिहून द्यायला सांगितले असता त्यांना उठणे, जेवणे व झोपणे यांपलीकडे फारसे काही आठवत नसे. स्त्रियांची स्थिती निराळी होती. गिरणीतील काम गेले तरी स्वयंपाक, धुणे, मुले हे संपलेले नव्हते. उलट तेवढ्याच जिन्नसांत घर भागवायचे असल्याने ते वाढले होते. त्या रस्त्याने झपझप चालत.

त्या अभ्यासातील एक निरीक्षण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. संशोधकांनी कुटुंबांचे मनोवृत्तीनुसार चार वर्ग केले : न खचलेली, निमूटपणे सोसणारी, हताश आणि पूर्णपणे उदासीन. मग दरडोई मासिक उत्पन्न ताडून पाहिले, तेव्हा ते अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग भरले. वर्गावर्गांत अवघा चार ते सहा शिलिंगांचा फरक. ‘मनाने खंबीर राहा’ असा उपदेश करताना हे चार आकडे आपल्यासमोर असावेत. ज्याला आपण सत्त्वबल म्हणतो तेही रिकाम्या घरात झिजते.

याच मारी याहोदा यांनी १९८२ साली एका ग्रंथात मांडले की रोजगार पैशाखेरीज आणखी पाच गोष्टी देतो : दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरील माणसांशी संबंध, सामूहिक प्रयोजन, समाजातील ओळख आणि नियमित क्रिया. आपल्या परिभाषेत यांतील पहिली व शेवटची म्हणजे दिनचर्याच होय. वृत्ती गेली की सर्वप्रथम दिनचर्या मोडते, आणि अग्नी मंद होतो तो त्यानंतर.

भोंगा थांबला तेव्हा

योगायोग असा की त्याच १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि लाखाच्या घरात माणसे कायमची कामाबाहेर गेली. लालबाग-परळ परिसरातील आयुष्य भोंग्यावर चालत असे. पहिल्या पाळीचा उठण्याचा वेळ, दुसऱ्या पाळीची जेवणाची वेळ, तिसऱ्या पाळीची दिवसाची झोप हे सर्व त्यावर ठरलेले असे. रात्रपाळी वातवर्धक खरीच. परंतु अनेक वर्षांच्या सवयीने ती सात्म्य झालेली होती. भोंगा थांबला आणि सात्म्यच नाहीसे झाले.

अन्नाची व्यवस्थाही त्याच चाकाला बांधलेली होती. गावी कुटुंब ठेवून आलेले कामगार खोलीजवळच्या खानावळीत जेवत व पगार झाल्यावर पैसे चुकते करत. पगार थांबला की खानावळ चालवणाऱ्या बाईची वाण्याकडील उधारी थकत असे. या बायकांच्या कर्जाची व संघटनेची सोय व्हावी म्हणूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले होते. औषधोपचाराचेही तसेच. राज्य कामगार विमा योजनेचा लाभ वेतनातून जाणाऱ्या अंशदानाशी निगडित आहे. अंशदान थांबले की ठरावीक अवधीनंतर दवाखान्याचा हक्कही संपतो. ज्या काळात उपचारांची गरज सर्वाधिक, त्याच काळात त्यांचे दार बंद होते. कोणी कोकणात वा घाटावर गावी परतले व शेतीच्या कष्टाला लागले. कोणी हमाली धरली, कोणी भाजीची पाटी घेतली. एक गोष्ट मात्र न्यायाने नोंदवावी : कापसाच्या तंतूंची धूळ ज्यांच्या छातीत वर्षानुवर्षे जात होती, त्यांच्या फुप्फुसांना त्या धुळीपासून सुटका मिळाली. अमेरिकी आकड्यांतील विरोधाभास आपल्या गिरणगावातही होता.

शोषाची चार आयतने

राजयक्ष्म्याच्या निदानात चरकाचार्यांनी शोषाची चार कारणे दिली आहेत : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. मंदीच्या संदर्भात ती पुन्हा वाचली की आश्चर्य वाटते.

साहस म्हणजे बलापेक्षा अधिक श्रम. यंत्रावर वीस वर्षे उभे राहिलेला पंचेचाळिशीचा माणूस एकाएकी पोती उचलू लागतो, तेव्हा हाच हेतू घडतो. वेगसंधारणाचे वर्णन करताना संहिताकार राजा वा स्वामी यांच्या समीप असताना लाज, भय वा प्रसंग यांमुळे वेग अडवून धरणाऱ्याचा उल्लेख करतात. ज्यांची नोकरी टिकली पण शेजारची खुर्ची रिकामी झाली, त्यांची ही अवस्था असते. दोघांचे काम एकटा करतो, जागेवरून उठत नाही, जेवणाचा डबा संध्याकाळी तसाच घरी नेतो. मंदीचे रुग्ण केवळ बेरोजगारांतच शोधू नयेत. क्षयाच्या वर्णनात शोक, चिंता, ईर्ष्या, भय आणि त्यांबरोबर कृश माणसाचे रूक्ष व अल्प अन्नसेवन येते. विषमाशन तर उघडच आहे. घरात प्रथम दूध कमी होते, मग डाळ पातळ होते, मग फळे बंद होतात; चहा आणि बिस्किटे मात्र वाढतात. घरातील स्त्री शेवटी जेवते, म्हणून तिच्या ताटातील घट सर्वांत आधी होते आणि सर्वांत उशिरा आपल्या लक्षात येते.

याच्या जोडीला विमानस्थानातील त्रिविधकुक्षीय अध्यायातील विधान ठेवावे. मात्रेत घेतलेले पथ्य अन्नदेखील चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व जागरण यांमुळे पचत नाही, असे तेथे सांगितले आहे. रसवह स्रोतसांच्या दुष्टीचे एक कारण अतिचिंतन हे आहेच, आणि भयज व शोकज अतिसार स्वतंत्रपणे वर्णिलेले आहेत. अशा रुग्णाला केवळ पाचक चूर्णे देत राहणे म्हणजे मूळ सोडून पाने धुण्यासारखे आहे.

राजयक्ष्मा येथे केवळ उपमा म्हणून घेऊ नये. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना पोषक शिधा दिला असता त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. कमाई बुडालेल्या घरातील दोन आठवड्यांहून जुना कास, सायंकाळचा ज्वर व वजनातील घट हे ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकावर ठेवू नये. थुंकी-तपासणीसाठी शासकीय केंद्रात पाठवावे. तेथील औषधे मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेची २०१८ पासूनची मासिक ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे, हेही रुग्णास सांगावे. आपले रसायन त्या उपचाराच्या जोडीला शोभते. त्याची जागा घेऊ शकत नाही.

चिकित्सेत काय बदलावे

वाग्भटाने रुग्णाचे चार गुण सांगताना ‘आढ्य’ म्हणजे धनसंपन्न हा गुण घातला आहे. चरकाच्या यादीत तो नाही. तेथे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे गुण आहेत. आमच्या मते वाग्भट व्यवहार बोलतो आणि चरक धर्म. उपकल्पनीय अध्यायात पंचकर्माच्या राजेशाही सामग्रीचे सविस्तर वर्णन करून झाल्यावर चरकाचार्य थांबतात आणि म्हणतात की सर्वांजवळ सर्व साधने नसतात, परंतु दारुण रोग दरिद्र्यांनाही सोडत नाहीत. तेव्हा आपत्तीत जे शक्य असेल त्याने यथाशक्ती उपचार करावा. सुश्रुतांनी तर प्रमेहात निर्धन माणसाला अनवाणी, छत्रावाचून, गावोगाव शंभर योजने चालायला सांगितले आहे. औषधाचा खर्च शून्य. आज तसे कोणी सांगू नये हे खरे, पण रुग्णाचा खिसा पाहून चिकित्साक्रम ठरवण्याची परंपरा किती जुनी आहे ते त्यावरून कळते.

रुग्णाला पगाराविषयी थेट विचारले की तो अवघडतो, विशेषतः पत्नी वा मुलगा शेजारी असेल तर. ‘सध्या दिवस कसा जातो? सकाळी किती वाजता उठता? जेवण किती वाजता होते?’ असे विचारावे. दिनचर्येच्या प्रश्नांची उत्तरे देतादेता बाकीचे बाहेर येते. त्यानंतर एक प्रश्न अवश्य विचारावा : आधीपासून चालू असलेली औषधे नियमित घेता ना? रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणे, मधुमेहाची औषधे निम्म्यावर आणणे हे मंदीत सर्रास घडते आणि रुग्ण ते लपवतो. अशा वेळी जनऔषधी केंद्राचा पत्ता देणे ही चिकित्साच आहे. ‘आमचे घ्या, ते बंद करा’ असे म्हणणे हा अपराध होईल.

औषधपत्रावर पाच कल्प लिहून रुग्णाने त्यांतील दोनच नेण्यापेक्षा आपणच विचार करून एक-दोन लिहावेत. ताजी गुळवेल, सुंठ, जिरे, ओवा, आवळा यांवर जे भागते ते त्यांवरच भागवावे. शिरोधारा परवडत नसेल तर घरीच तिळतेलाचा पादाभ्यंग सांगावा; झोपेसाठी तो पुष्कळदा पुरेसा ठरतो. पथ्य सांगताना त्या घरात शिजणाऱ्या अन्नातूनच सांगावे. बदाम आणि गाईचे तूप लिहून दिले की रुग्ण मान डोलावतो आणि पुन्हा येत नाही. आणि दिनचर्या औषधासारखी मात्रेत, वेळ घालून लिहून द्यावी : उठण्याची वेळ, दोन जेवणांच्या वेळा, सकाळी घराबाहेर पडून चालणे, दुपारी न झोपणे. काम नसलेल्या माणसाला ही चौकट दुसरे कोणी देत नाही.

एका बाबतीत संकोच करू नये. २०२१ साली भारतात नोंदल्या गेलेल्या १,६४,०३३ आत्महत्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या होत्या. रुग्ण निराशेचे बोलत असेल तर ‘जगणे नकोसे वाटते काय?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. होकार आल्यास त्याला एकटा घरी पाठवू नये, नातेवाइकांना बोलवावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पोहोचवावे. टेली-मानस ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

मंदीची चाहूल वैद्याआधी दुकानदाराला लागते. शंभर ग्रॅम चूर्ण नेणारा पन्नास मागू लागतो, च्यवनप्राशाचा मोठा डबा लहान होतो, झोपेचे आणि पित्ताचे काही द्या असे म्हणणारे वाढतात. आसव-अरिष्टांचा खप विनाकारण वाढला तर तो विक्रीचा आनंद मानू नये; तोच ग्राहक आठवड्यातून तीनदा बाटली नेत असेल तर ती औषधासाठी जात नाही. सांधेदुखीवर ‘एका दिवसात गुण’ देणाऱ्या नाव-पत्ता नसलेल्या पुड्या याच काळात बाजारात फिरतात आणि त्यांत स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणे जुनी आहेत. भाव पडले की पुरवठादार स्वस्त माल पुढे करतो. अशोकाच्या सालीच्या नावाखाली आसुपालवाची साल खपते आणि केशराचे तर काय सांगावे. मापात घट करून स्वस्त दिले तरी चालेल, पण द्रव्यात घट करू नये.

आणि उधारीची वही. तिच्यात कोणाचे किती थकले हे आपण पाहतोच. कोण यायचा थांबला हेही पाहावे. महिन्याला नियमाने औषध नेणारा वृद्ध वा मधुमेही दोन महिने फिरकला नसेल, तर तो बहुधा बरा झालेला नसतो; मागचे पैसे द्यायचे राहिल्याने तोंड दाखवायला लाजत असतो. त्याच्या घरी निरोप पाठवावा : औषध घेऊन जा, हिशेब मागाहून पाहू.